चहाचं विरजण आणि सरकारचा गुत्ता

मंडळी, आजचा विषय एका प्रश्नामुळे ठरला. गेल्या हिवाळ्यात इथेच, सिडकोतल्या एका घराच्या गच्चीवर, दहा-बारा जणांना आम्ही आंबवलेला चहा घरी कसा करायचा हे दाखवत होतो. कोम्बुचा म्हणतात तो. बहुतेक तरुण मंडळी होती, पहिल्यांदाच करून बघणारी. त्यांत एक मावशी सुनेबरोबर आल्या होत्या, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी सगळं शांतपणे बघितलं, बरणीतला तो जाड पांढुरका थर बोटानं दाबून बघितला, आणि शेवटी विचारलं, "यात दारू असते का हो?"

सुनेनं लगेच सांगून टाकलं, "नाही हो आई, चहा आहे तो." आम्ही मात्र अडखळलो. कारण खरं उत्तर "थोडी असते" असं आहे. तेवढ्यात मागे उभा असलेला एक मुलगा म्हणाला, "सर, मलाही हेच विचारायचं होतं. आमच्या घरी अब्बा विचारतील."

आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिलं ते तोकडं होतं. घरी आल्यावर पुस्तकं काढून बसलो, तेव्हा लक्षात आलं की मावशींचा प्रश्न या परिसरात निदान दीड हजार वर्षं विचारला जातोय. आंबट कुठे संपतं आणि मादक कुठे सुरू होतं, आणि ती रेष ओढायची कुणी? आज आपण त्या रेषेचा इतिहास बघू. चहा कसा करायचा तेही वाटेत सांगू, कारण ते कळल्याशिवाय इतिहास कळत नाही.

आधी या पाहुण्याची ओळख. इंटरनेटवर तुम्हाला वाचायला मिळेल की कोम्बुचा दोन हजार वर्षांपूर्वी चीनच्या सम्राटाच्या दरबारात पीत असत. या गोष्टीला समकालीन पुरावा नाही. जाहिरातीला सम्राट लागतो, एवढंच. भक्कम नोंदी मिळतात त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या, रशिया आणि आसपासच्या मुलखातल्या. तिथे घराघरांत खिडकीच्या कठड्यावर काचेची बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं, आणि आत 'चहाची अळंबी'. १९१३ साली गुस्ताव लिंडाऊ या जर्मन अभ्यासकानं तिला शास्त्रीय नावही देऊन टाकलं, मेडुसोमायसेस. जेलीफिशसारखी दिसते म्हणून. खरं तर ती अळंबी नव्हेच. आणि 'कोम्बुचा' हे नाव तर उघड चुकीचं आहे. जपानीत कोम्बुचा म्हणजे समुद्री शेवाळाचा चहा. जपानी माणसाला आपण आपला कोम्बुचा दिला तर तो गोंधळेल, त्याच्या भाषेत याला 'लाल चहाची अळंबी' अशा अर्थाचं वेगळं नाव आहे.

मग आहे काय ते? मराठी माणसाला एका शब्दात सांगता येतं: विरजण. दुधाला विरजण लावतो तसं गोड चहाला विरजण लावायचं. फरक इतकाच की दह्याच्या विरजणात मुख्यतः एका कुळातले जिवाणू असतात, इथे दोन वेगवेगळ्या जातींची भागीदारी आहे. यीस्ट साखर खातं आणि तिची दारू करतं, सोबत बुडबुडे. दुसरे जिवाणू ती दारू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं खातात आणि तिचं आम्ल करतात, म्हणजे शिरका. वर जो सायीसारखा थर धरतो तो याच जिवाणूंनी विणलेला सेल्युलोज, कापसात असतं तेच द्रव्य. १८८६ साली एड्रियन ब्राऊन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं हा थर विणणारा जिवाणू पहिल्यांदा नीट वर्णन करून ठेवला.

आता यातलं एक वाक्य पुन्हा ऐका. दारू होते, आणि मग ती खाल्ली जाते. आंबट चहाची वाट दारूच्या दारावरूनच जाते. मावशींचा प्रश्न म्हणून भाबडा नाही.

(जाता जाता: ज्या भाषेच्या प्रत्येक घरात रोज रात्री विरजण लावतात, त्याच भाषेत 'उत्साहावर विरजण पडलं' म्हणजे वाईट झालं. दुधाच्या बाजूनं विचार केला असेल बहुतेक.)

आता कृती. एक लिटर पाणी उकळायचं. दोन चमचे साधी चहापूड, आपली रोजची दाणेदार सीटीसी चालते, मसाल्याची किंवा वासाची नको. पाच-सात मिनिटांनी गाळून त्यात सत्तर-ऐंशी ग्रॅम साखर. मग चहा पूर्ण थंड होऊ द्यायचा, अगदी माठातल्या पाण्याइतका. इथे नवखे घाई करतात आणि गरम चहात विरजण शिजवून मारतात. थंड झाल्यावर आधीच्या खेपेचा शंभर-दीडशे मिलिलिटर आंबट चहा आणि तो थर त्यात सोडायचा. थरापेक्षा तो आंबट चहा महत्त्वाचा. त्याच्या आम्लामुळे पहिल्या दिवसापासून भलतेसलते जंतू दूर राहतात. रुंद तोंडाची काचेची बरणी, वर दाट विणीचं धुतलेलं सुती कापड, रबरानं बांधलेलं. उन्हात ठेवायची नाही, हलवत बसायचं नाही.

भांड्याबद्दल आपल्या आज्यांना जे माहीत होतं तेच लागू. कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवलं की ते कळकतं, हा शब्द आता मुलांना समजावून सांगावा लागतो. आंबट पदार्थ तांब्या-पितळेला खातो आणि ते पोटात जातं. लोणच्याच्या जुन्या रंगीत बरण्याही नकोत, काहींच्या चकाकीत शिसं असतं. काच बरी.

हवामानाचं सांगायचं तर पुस्तकं सात ते चौदा दिवस म्हणतात. पुस्तकं थंड देशांत लिहिलेली. आपल्याकडे डिसेंबरात दहा-बारा दिवस लागतात, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की पाचव्या दिवशी चव बघायला हवी. आणि पाणी! ज्या शहरात नळाला पाणी यायला कित्येक दिवस वाट बघावी लागते, तिथे प्रत्येक घरात ड्रम भरलेले असतात. क्लोरीन उडून जावं म्हणून परदेशी पुस्तकं पाणी रात्रभर उघडं ठेवायला सांगतात. आपल्या महापालिकेनं ती सोय न मागता करून ठेवली आहे.

पृष्ठभागावर केसाळ, हिरवा किंवा काळा बुरशीचा ठिपका दिसला तर थरासकट सगळं टाकून द्यायचं. वरचं काढून खालचं पिऊ नका, इथे काटकसर नको. गरोदर बाई, लहान मुलं, प्रतिकारशक्ती कमी असलेले, यकृताचं दुखणं असलेले यांनी घरचा कोम्बुचा घेऊ नये. १९९५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यात दोन स्त्रिया गंभीर आजारी पडल्या, त्यांतली एक गेली. दोघी रोज हा चहा पीत होत्या. चहामुळेच झालं हे सिद्ध झालं नाही, पण तिथल्या आरोग्य खात्यानं सावध केलं. आणि तो पिऊन मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळं बरं होतं असं जे ऐकता, त्यामागे माणसांवर केलेले चांगले प्रयोग फार थोडे आहेत. चव आवडली तर प्या. साधा चहासुद्धा आपल्याकडे आला तो औषधाचा वेष घेऊनच. १६८९ मध्ये सुरतेला आलेला ओव्हिंग्टन हा पाद्री लिहितो की इथले लोक चहात मसाले उकळून डोकेदुखीवर आणि पोटातल्या मुरड्यावर घेतात. सुरतेहून औरंगाबादेला येणारा रस्ता त्या काळी चांगलाच वाहता होता, म्हणून हे आपल्यालाही जवळचं.

आता मागे जाऊ. आपल्या विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबादची लेणी आहेत, तिकडे अजिंठा, इकडे वेरूळ. शेकडो वर्षं या डोंगरांत भिक्षू राहत होते. भिक्षूंना दारू वर्ज्य. पण पाली विनयपिटकात या नियमाच्या आसपास जी बारीक चर्चा आहे ती बघण्यासारखी आहे. नियम का झाला, तर सागत नावाच्या थोर भिक्षूमुळे. त्यानं एका भयंकर नागाला वश केलं होतं. लोकांनी कौतुकानं घरोघरी मद्य पाजलं आणि स्वामी नगराच्या वेशीत आडवे झाले. नागाला जिंकणारा आता पाण्यातल्या सापालाही जिंकू शकेल का, असा प्रश्न बुद्धांनी केला, आणि मद्याला मनाई झाली.

पण त्याच विनयात, महावग्गाच्या औषधांच्या प्रकरणात, लोणसोवीरक नावाची धान्याची खारट-आंबट पेज मान्य आहे. आजारी भिक्षूला तशीच, आणि निरोगी भिक्षूला पाणी घालून, पेय म्हणून. म्हणजे आंबवलेलं चालतं, मादक चालत नाही. मग मधलं काय? तेही प्रकरण आलं. वाताच्या दुखण्यावरचं एक तेल मद्य घालून कढवावं लागे. काहींनी त्यात सढळ हातानं मद्य ओतलं आणि तेल पिऊन झिंगले. तेव्हा ठरलं ते असं: तेलात मद्याचा रंग, वास आणि चव कळत नसेल तर ते चालेल.

मंडळी, मोजमापाचं यंत्र नसताना काढलेली ही मर्यादा आहे. रंग, वास, चव. रेष कुणी ओळखायची, तर पिणाऱ्यानं, स्वतःच्या नाकाजिभेनं.

तिथून देवगिरीवर या. तेराव्या शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री याला आपण चतुर्वर्गचिंतामणीमुळे आणि हेमाडपंती देवळांमुळे ओळखतो. त्यानं वैद्यकावरही लिहिलं आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्याची आयुर्वेदरसायन ही टीका आहे. या अष्टांगहृदयाच्या पाचव्या अध्यायात पातळ पदार्थांचे गट पाडलेत: पाणी, दूध, ऊस, मध, तेल आणि मग मद्य. आता मद्याच्या गटात काय काय आहे? सुरा आहे, द्राक्षाची दारू आहे, अरिष्ट आहे, आणि त्यांच्याच रांगेत शुक्त म्हणजे शिरक्यासारखं आंबट, आणि धान्याम्ल म्हणजे कांजी. वैद्यांनी आंबट आणि मादक एकाच कुटुंबात ठेवलं. त्यांचा व्यवहार होता तो कुणाला, केव्हा, किती द्यायचं याच्याशी. आपल्या घरात आजही असलेली कुमारी आसव, दशमूलारिष्ट यांची बाटली उचलून बघा, आत तयार झालेल्या अल्कोहोलचा आकडा लेबलवर असतो, साधारण पाच ते दहा टक्के. बिअरपेक्षा जास्तच म्हणायचं. आणि तुमचा कोम्बुचा हा रचनेनं अरिष्टाचा चुलतभाऊ. काढा करायचा, त्यात गोड घालायचं, आंबायला ठेवायचं. अरिष्टात यीस्टसाठी धायटीची फुलं टाकतात, इथे मागच्या खेपेचा चहा.

त्या मुलाच्या अब्बांचंही बघू. इस्लामी धर्मशास्त्रात शिरका हा आवडीचा पदार्थ, आणि मद्य आपोआप आंबून शिरका झालं तर तो शुद्ध, यावर फारसा वाद नाही. माणसानं मुद्दाम दारूचा शिरका केला तर चालेल का, यावर मात्र मतभेद. दख्खनमध्ये बहुसंख्य लोक ज्या हनफी परंपरेतले, ती चालेल म्हणते. शाफई परंपरा जास्त कडक. विचार असा की वस्तूचा गुणच पालटला तर तिचं नावही पालटतं आणि हुकूमही. या शहरातल्या नान-खलियाच्या नानचं पीठ खमीर घालूनच फुगवतात. तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ दौलताबादेत आला असं इथले लोक अभिमानानं सांगतात. कुठला भटारखाना आदल्या दिवसाचं खमीर जपून ठेवायला विसरेल?

आणि जोंधळ्याची आंबील. लातूर-धाराशिवकडची जी मंडळी इथे बसली आहेत त्यांना वेळ अमावस्या, म्हणजे येळवस, सांगायची गरज नाही. मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं गाव शेतात, आणि मडक्यात आंबील. ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, आलं, आणि आंबायला दिलेला वेळ. ती केव्हा तयार झाली हे घरातली बाई वासावरून सांगते. विनयाचीच कसोटी.

मग हे सगळं ज्ञान असलेल्या समाजाला आज गोड चहा आंबवताना भीती का वाटते? आमच्या गच्चीवर आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं विचारलं, "घरी करणं कायद्यानं चालतं का?" रशियातल्या आजीला हा प्रश्न पडला नसता. आपल्याला पडतो, कारण दीडशे वर्षांपूर्वी ती रेष नाका-जिभेकडून काढून खजिन्याकडे दिली गेली.

१८७८ चा मुंबई आबकारी कायदा. त्याआधीही दारूवर कर होता, पण या कायद्यानं मद्य गाळणं, ताडी काढणं हे सगळं परवान्याखाली आणलं आणि उत्पादन मोठ्या ठेकेदारांच्या, सरकारी देखरेखीच्या भट्ट्यांकडे सरकवलं. गावात घरी मोहाची गाळणारा आदिवासी एका रात्रीत गुन्हेगार झाला. तेही पुरेना म्हणून १८९२ चा मोहाचा कायदा आला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. आता दारूवर नाही, फुलांवरच बंधन. मोहाची फुलं दुष्काळात लोक खात, वाळवून ठेवत, गुरांना घालत. घरात फुलं सापडली तरी संशय. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात आणि इंद्रा मुन्शी सालदान्हा यांनी ठाण्याच्या संदर्भात हा इतिहास लिहिला आहे, जिज्ञासूंनी तो मुळातून वाचावा.

आपण निजामाच्या राज्यात होतो, तो कायदा आपल्याला लागू नव्हता. पण निजामाच्या तिजोरीतही आबकारीचा वाटा मोठा होता आणि पद्धत लिलावाची. त्याची खूण आपल्या बोलीत राहिली आहे. मराठवाड्यात रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदाराला आपण अजून 'गुत्तेदार' म्हणतो. गुत्ता म्हणजे ठेका, मक्ता. आणि दारूच्या दुकानाला काय म्हणतो? गुत्ता. ठेका आणि दारूचं दुकान यांना एकच शब्द. तसाच 'हातभट्टी' हा शब्द घ्या. हातमाग म्हटलं की आपल्याला पैठणी आठवते, हातकागद म्हटलं की दौलताबादेजवळचं कागजीपुरा. हातभट्टी म्हटलं की पोलीस.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर आम्ही अप्रामाणिक ठरू. दारूविरोध हा फक्त सरकारचा कावा नव्हता. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी दारूच्या दुकानांच्या वाढीला विरोध केला, कारण मजुरांची घरं बसताना त्यांनी बघितली होती. महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी 'उभी बाटली, आडवी बाटली' अशा मतदानातून दुकानं बंद पाडली आहेत. आणि गंमत बघा, सणाला आंबील लावणारी आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारणारी बाई एकच आहे. तिला यात विसंगती वाटत नाही. आंबवणं तिच्या ताब्यातलं, गुत्ता तिच्या ताब्याबाहेरचा. आमच्या मते या विषयावरचा सगळ्यात स्वच्छ विचार तिचाच आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यातली दारूची व्याख्या वाचण्यासारखी आहे: स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी, आणि अल्कोहोल असलेले सर्व द्रव. सर्व! मग आसवं-अरिष्टांचं काय, अत्तराचं काय? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५१ च्या बलसारा खटल्यात न्यायालयानं कायदा मोठ्या प्रमाणात उचलून धरला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंधनं रद्द केली. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा कायदा राज्यभर पसरला. पुढे बंदी सैल होत गेली, कायदा मात्र आजही आहे. नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. म्हणजे कागदोपत्री आपण दारूबंदीच्या राज्यात राहतो आणि परवान्यावर पितो.

आणि याच दारूबंदी कायद्याच्या राज्यात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे बिअरचे एवढे कारखाने उभे राहिले की आपल्या शहराला देशाची बिअरची राजधानी म्हणू लागले. पाणी जायकवाडीचं. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं. तेव्हा इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं आणि पुढे ६० टक्क्यांपर्यंत कापण्याचा आदेश दिला. एक लिटर बिअरला चार-पाच लिटर पाणी लागतं असा ढोबळ हिशेब आहे. तेव्हा चर्चा झाली ती पाण्याची आणि रोजगाराची, आणि ती व्हायलाच हवी होती. आमच्या मनात मात्र अजून एक प्रश्न आला होता. आंबवणं ही एवढी मोठी विद्या, आणि या शहरात ती शिकायची तर कारखान्याच्या फाटकाआड. घरात ती उरली दह्यापुरती, इडलीच्या पिठापुरती.

आता आजची रेष. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यांविषयीचे नियम २०१९ च्या एप्रिलपासून लागू झाले. त्यांच्यानुसार ०.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असेल ते मद्यपेय. अमेरिकेतही हाच आकडा. २०१० मध्ये तिथे दुकानांतल्या कोम्बुचाच्या बाटल्या तपासल्या तर काहींत याहून जास्त निघालं. दुकानांनी फडताळं रिकामी केली. कारखान्यातून निघताना आकडा बरोबर होता. बाटलीत बसल्या बसल्या वाढला.

का वाढला, ते तुम्हाला आता कळेल. बरणीवर कापड आहे तोवर हवा आत जाते, आणि यीस्टनं केलेली दारू दुसरे जिवाणू खात राहतात. घट्ट झाकण लावलं की हवा बंद. दारू खाणारे उपाशी, करणारं यीस्ट मात्र कामावर. त्यात फळाचा रस, आलं, साखर घातली आणि बाटली मेच्या उकाड्यात ओट्यावर ठेवली, की आकडा चढतो आणि दाबही. आम्ही हे अनुभवानं सांगतो. एका मेमध्ये आल्याच्या चार बाटल्या ओट्यावर विसरून आम्ही लग्नाला परळीला गेलो. तिसऱ्या दिवशी परत येतो तर एक बाटली फुटलेली, काच फ्रिजच्या दारात रुतलेली. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं. तेव्हापासून आम्ही काचेच्या चौकोनी बाटल्या वापरत नाही, दाब त्यांच्या कोपऱ्यांत फुटतो. आणि बाटलीत भरलेला चहा उन्हाळ्यात एका दिवसात फ्रिजमध्ये जातो.

म्हणजे नीरेसारखंच आहे हे. पहाटे उतरवलेली नीरा केंद्रावर उघडपणे विकतात, आणि तीच दुपारपर्यंत उन्हात राहिली तर ताडी होते. त्यात कुणी काही घातलेलं नसतं. वेळ, ऊन आणि झाकण, एवढ्यांवर रेष सरकते.

आणखी एक भीती लोक दबक्या आवाजात विचारतात: विषारी दारूसारखं काही होईल का? २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, ते विसरणं शक्य नाही. तिथे मारणारं होतं मिथेनॉल, कारखान्यात वापरायचं रसायन, नफ्यासाठी दारूत मिसळलेलं. चहा-साखर आंबवून तसं घडत नाही. यात धोके आहेत ते वेगळे: बुरशी, चुकीचं भांडं, फुटणारी बाटली, आणि नको असलेली दारू.

त्या मावशी पुन्हा भेटल्या तेव्हा आम्ही त्यांना हे सगळं सांगितलं, जरा थोडक्यात. म्हणालो, "मावशी, कापडाखालचा, चांगला आंबट होऊ दिलेला चहा असेल तर दारू अगदी थोडी, बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. कधी कमी, कधी थोडी जास्तही. घरी मोजायचं सोपं साधन नाही. बाटलीबंद केलेला असेल तर आम्ही खात्री देणार नाही." त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पूर्ण आंबू दिला तर?" म्हटलं, महिना-दीड महिना कापडाखालीच ठेवला तर बहुतेक सगळी दारू संपते, शिरका होतो, पिता येणार नाही इतका आंबट. "मग तो कोशिंबिरीत घालीन," म्हणाल्या. आणि त्यांनी तसंच केलं. माळेची मर्यादा त्यांची, तिच्या अलीकडे काय करता येईल हेही त्यांनीच शोधलं. त्या मुलाच्या घरी काय झालं विचाराल तर अब्बांनी वास घेतला, चमचाभर चाखला आणि म्हणाले, सिरका आहे, पण चहा वाया घालवलास.

वेळ झाली आहे. प्रश्न खालीच घेऊ, उभ्यानं. मागच्या टेबलावर छोट्या बरण्यांत विरजण ठेवलं आहे, प्रत्येकी शंभर मिलिलिटर आणि थराचा एक तुकडा. ज्यांना करून बघायचंय त्यांनी घेऊन जा. रिक्षात सांडू नये म्हणून झाकण लावलं आहे. घरी पोचलात की ते काढा आणि कापड बांधा.